बिऱ्हाड हलवताना गाडी वाटून घ्या, पण घनफूट मोजून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलवायचे ठरले की बहुतेक कुटुंबे पूर्ण गाडी ठरवतात. सामान चढवून झाल्यावर हौद्यात बरीच जागा मोकळी दिसते, पण भाडे अख्ख्या गाडीचे द्यावे लागते. चालकाचा पगार, पथकर, टायरची झीज आणि इंधनाचा मोठा भाग गाडी निम्मी भरली तरी जवळपास तेवढाच लागतो, म्हणून वाहतूकदारही रिकाम्या जागेपोटी भाडे कमी करू शकत नाही. त्याच वाटेने जाणारे दुसरे बिऱ्हाड त्या जागेत आले तर दोघांचाही खर्च उतरतो. ही बचत खरी आहे. तरीही वाटून घेतलेल्या गाडीबद्दल तक्रारी फार ऐकू येतात. सामान उशिरा आले, ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले, दुसऱ्याचे खोके आपल्याकडे उतरले. यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकाच ठिकाणी आहे. ‘तुमचे सामान साधारण अर्धी गाडी होईल’ या एका वाक्यावर सगळा व्यवहार ठरतो आणि माप कोणीच लिहून घेत नाही.

आधी हे समजून घ्यायला हवे की ‘गाडी वाटून घेणे’ या एकाच नावाखाली तीन वेगळे व्यवहार चालतात. पहिला, दोन कुटुंबे मिळून एक गाडी ठरवतात आणि ती गाडी थेट दोन्ही घरी जाते. दुसरा, परतीची गाडी. माल पोहोचवून रिकामी परतणारी गाडी वाटेतले किंवा आपल्या गावाकडचे सामान कमी दरात उचलते, कारण एरवी तिला परतीच्या फेरीचे काहीच मिळत नाही. तिसरा प्रकार पार्ट लोडचा. तुमचे सामान छोट्या टेम्पोने गोदामात जाते, तिथे इतरांच्या मालाबरोबर मोठ्या गाडीत चढते, दुसऱ्या गावच्या गोदामात उतरते आणि पुन्हा टेम्पोने घरी येते.

पहिल्या प्रकारात प्रत्येक नग दोनदा हाताळला जातो, एकदा चढवताना आणि एकदा उतरवताना. तिसऱ्या प्रकारात तोच नग सहा वेळा हातातून जातो. फुटतूट प्रवासात होते त्याहून जास्त या चढ-उतारीत होते. म्हणून दर विचारण्याआधी ‘वाटेत गाडी बदलणार का, आणि किती वेळा?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. पार्ट लोडचा दर थोडा कमी दिसला, तरी काच, टीव्ही आणि जोड सैल झालेले जुने लाकडी सामान असेल तर थेट जाणारी गाडी बहुतेक वेळा स्वस्त पडते.

आता मापाकडे वळू. प्रत्येक नगाची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत घेऊन गुणाकार केला की घनफूट मिळतात. इंचांत मापले तर गुणाकाराला १७२८ ने भागावे. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल लोखंडी कपाट सुमारे २९ घनफूट होते. सव्वासहा बाय पाच फुटांची सहा इंची गादी साडेपंधरा घनफूट, तीन आसनी सोफा ५० च्या आसपास, बांधलेला मध्यम फ्रिज २८, धुण्याचे यंत्र १३. पुठ्ठ्याचे खोके तीन मापांचे ठेवले तर बेरीज सोपी जाते. १८ × १२ × १२ इंचांचे खोके दीड घनफूट भरते, १८ × १८ × १६ चे तीन आणि १८ × १८ × २४ चे साडेचार. लहान खोके पुस्तके आणि अवजारांसाठी, मध्यम भांड्यांसाठी, मोठे फक्त कपडे, उशा, पांघरुणे यांसाठी. मोठ्या खोक्यात पुस्तके भरली की त्याचा तळ हमखास सुटतो.

आकार वेडावाकडा असला तरी माप बाहेरच्या टोकापासून टोकापर्यंतच घेतले जाते. सायकल हे याचे चांगले उदाहरण आहे. ती उभी मापली तर ३८ घनफुटांच्या घरात जाते, म्हणजे लोखंडी कपाटापेक्षाही जास्त. पुढचे चाक काढून बाजूला बांधले, हँडल आडवे फिरवले, पॅडल सोडवली आणि सीट खाली केली, की तीच सायकल १० ते १२ घनफुटांत बसते. पाच बाय तीन फुटांचे, अडीच फूट उंचीचे टेबल पाय न काढता ३७ घनफूट जागा खाते. पाय सोडवल्यावर फळी आणि पाय मिळून चार घनफूटही होत नाहीत. सोफ्याचे चार इंची पाय काढले तर सहा-साडेसहा घनफूट वाचतात, आणि त्याला पाना किंवा पेचकस घेऊन दहा मिनिटे पुरतात. सुटे केलेले नटबोल्ट पिशवीत घालून त्याच सामानाला चिकटपट्टीने लावावेत. सगळे नटबोल्ट एका डब्यात गोळा केले तर दुसऱ्या गावी कोणता कशाचा हे ओळखता येत नाही. भुशाच्या दाबीव फळीचे, म्हणजे पार्टिकल बोर्डचे कपाट मात्र उगाच सोडवू नये. त्यातला स्क्रू एकदा काढून परत बसवला की पूर्वीसारखा धरत नाही. ते अखंडच न्यावे, पण पूर्ण रिकामे करून, कारण आत वजन असेल तर उचलताना त्याचे सांधे पिळवटतात.

माप बांधणीनंतर घेतात, हे फार थोड्यांना माहीत असते. दोन बाय दोन बाय तीन फुटांची वस्तू १२ घनफुटांची असते. तिच्या सहाही बाजूंना दोन-दोन इंचांची बांधणी चढली की ती १८ घनफूट होते. नुसत्या वेष्टनामुळे भाडे दीडपट! काच, टीव्ही, संगमरवरी फळी यांना जाड बांधणी आणि लाकडी चौकट हवीच, तिथे काटकसर करू नये. पण लोखंडी कपाट, पलंगाच्या फळ्या, प्लास्टिकच्या खुर्च्या यांना घोंगडी आणि वर ताणून बसवलेली प्लास्टिक फिल्म एवढे पुरते. लोखंडी कपाट रिकामे पाठवणे म्हणजे हवेचे भाडे भरणे. त्यात कपडे, चादरी, उशा भरल्या तर पाच-सहा मध्यम खोकी वाचतात. मात्र पुस्तके किंवा भांडी त्यात घालू नयेत. पत्रा वाकतो आणि चार हमालांनाही ते नीट पेलत नाही.

पार्ट लोडमध्ये आणखी एक माप आडवे येते. वाहतूकदार प्रत्यक्ष वजन आणि जागेवरून काढलेले वजन यांतले जे जास्त असेल ते धरतो. कोणी एक घनफूट म्हणजे ६ किलो मानतो, कोणी ८, कोणी १०. घरसामान मुळात हलके असते. साधारण बिऱ्हाड घनफुटाला तीन-सव्वातीन किलो भरते. म्हणजे १५० घनफुटांचे प्रत्यक्ष वजन पाचशे किलोच्या आतबाहेर असेल, पण १० चा आकडा लावला की बिलात १५०० किलो येतात. यात फसवणूक नाही. गाडी आधी जागेने भरते, वजनाने नाही, त्यामुळे जागेचा हिशेब रास्तच आहे. पण किलोचा दर ऐकून ‘आपले सामान पाचशे किलोचे’ असा जो हिशेब घरी मांडलेला असतो, तो तिपटीने चुकतो. म्हणून किलोच्या दराबरोबर घनफुटाचा आकडा विचारावा. दोन वाहतूकदारांचे दर तोलताना प्रत्येकाच्या किलोदराला त्याच्या आकड्याने गुणून घनफुटाचा दर काढावा. किलोदर कमी आणि आकडा १०, असे असेल तर तो दर किलोदर जास्त आणि आकडा ६ असलेल्यापेक्षा महाग निघू शकतो. आणखी एक गोष्ट. वजनाची ही तुलना नगवार होणार की एका बिल्टीवरच्या, म्हणजे वाहतूकदाराच्या माल-पावतीवरच्या, एकूण सामानाची, हेही विचारावे. एकूण सामानावर होत असेल तर पुस्तके, व्यायामाची वजने, अवजारे असले जड सामान त्याच बिल्टीवर घ्यावे. हलक्या सामानाबरोबर त्याच्या वजनाचा वेगळा भार पडत नाही, फक्त जागा मोजली जाते.

हौद्यातल्या मांडणीकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते आणि बरेच नुकसान तिथेही होते, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

समजा हौदा आतून १४ फूट लांब, ६ फूट रुंद आणि ६ फूट उंच आहे. गुणाकार ५०४ घनफूट येतो. पण सामानाच्या आकारांमधल्या फटी धरता त्यातली ८० टक्केच जागा खरी वापरता येते, म्हणजे सुमारे ४०० घनफूट. लांबीच्या प्रत्येक फुटात साधारण २९ घनफूट सामान बसते. एका कुटुंबाचे सामान २३० घनफूट आणि दुसऱ्याचे १५० असेल, तर पहिल्याला आठ फूट आणि दुसऱ्याला सव्वापाच फूट लांबी लागेल. एकूण सव्वातेरा. म्हणजे गाडी पुरते, पण मोकळीक फुटाच्या आतच उरते.

जागा नेहमी अशी लांबीने वाटावी. पूर्ण रुंदी, तळापासून छतापर्यंत, एकाचा भाग पुढे आणि दुसऱ्याचा मागे. हमालांना सोपे जाते म्हणून पुष्कळदा उलटे घडते. दोघांचे जड सामान खाली आणि दोघांची खोकी वर चढतात. मग पहिल्या घरी गाडी उभी राहते तेव्हा खालचा फ्रिज काढण्यासाठी दुसऱ्याची तीस खोकी रस्त्यावर उतरवून पुन्हा चढवावी लागतात. अदलाबदल होते ती इथेच. ज्याचे घर आधी येते त्याचे सामान शेवटी, म्हणजे मागच्या दाराजवळ चढले पाहिजे. याचा वजनाच्या दृष्टीनेही फायदा आहे. पहिल्या घरी सामान उतरल्यावर उरलेले सामान केबिनजवळ राहते. फक्त मागचा भाग भरलेला राहिला तर पुढच्या चाकांवरचा भार कमी होऊन स्टिअरिंग हलके पडते, आणि ते धोक्याचे आहे.

प्रत्येक भागात सामान भिंतीसारखे रचावे. दोन-अडीच फूट जाडीची एक भिंत तळापासून छतापर्यंत पूर्ण करायची आणि मगच पुढची सुरू करायची. तळाशी फ्रिज, धुण्याचे यंत्र, पुस्तकांची खोकी. त्यावर भांडी, आणि सर्वात वर कपडे, उशा, प्लास्टिकच्या वस्तू. डाव्या-उजव्या बाजूंना वजन सारखे हवे. दोन्ही बिऱ्हाडांच्या मध्ये प्लायवूडची फळी किंवा जाळी उभी करून दोन फूट आणि चार फूट उंचीवर दोर आवळावेत.

या वाटणीत एक अडचण हमखास येते. सव्वापाच फुटांच्या भागात सव्वासहा फुटांची गादी लांबीने मावत नाही, आणि हौदा सहा फुटी असल्याने ती आडवीही बसत नाही. साडेसहा फुटी कपाट उभे राहत नाही. फोमची गादी थोडी वाकवता येते, स्प्रिंगची कधीही वाकवू नये. यावर उपाय असा की पाच फुटांपेक्षा लांब असलेल्या सर्व वस्तूंची वेगळी यादी आधीच करावी आणि त्या वस्तू हौद्याच्या एका बाजूच्या भिंतीलगत सामाईक पट्ट्यात, आधी उतरणाऱ्याच्या दाराकडे आणि नंतर उतरणाऱ्याच्या केबिनकडे अशा ठेवाव्यात. या पट्ट्याची रुंदी दीड-दोन फूट लागते. ती दोघांच्या हिशेबात आधीच धरली नाही, तर शेवटची दहा खोकी बाहेर राहतात आणि ऐनवेळी दुसरा टेम्पो मागवावा लागतो.

पहिल्या घरी सामान उतरल्यावर मागे राहिलेल्या बिऱ्हाडाची शेवटची भिंत उघडी पडते. आतापर्यंत तिला दुसऱ्याच्या सामानाचा टेकू होता. चढावर किंवा गाडी वेग घेताना हीच भिंत मागे कोसळते. फळी पुन्हा उभी करून दोर नव्याने बांधणे हे पाव तासाचे काम आहे, पण ते कोणाचे हे ठरलेले नसल्याने होत नाही. ज्याचे सामान पुढे जायचे आहे त्याच्या घरचे कोणी तिथे नसते, आणि ज्याचे उतरले तो आपल्या खोक्यांत गुंतलेला असतो. म्हणून हे काम चालकाचे आहे असे करारात लिहावे आणि दोर पुन्हा बांधल्याचा फोटो मागावा.

खोक्यांवरच्या खुणांबद्दल थोडक्यात. प्रत्येक कुटुंबाने एका रंगाची चिकटपट्टी निवडावी आणि ती प्रत्येक नगाच्या दोन बाजूंवर लावावी, वरच्या बाजूला लावू नये, कारण रचल्यावर वरची बाजू दिसत नाही. नगावर ‘१७/४२’ असा क्रमांक लिहावा, म्हणजे कोणता कमी आहे हे लगेच कळते. खोक्यावर दागिने, टीव्ही असे काही लिहू नये. आतल्या वस्तूंची यादी घरच्या वहीत ठेवावी. नगांच्या यादीच्या तीन प्रती हव्यात, तुमची, वाहतूकदाराची आणि चालकाजवळची. आधीच असलेले ओरखडे आणि पोचे त्यात लिहून चढवताना सही घ्यावी. उतरवताना तीच यादी हातात धरून एकाने दाराशी उभे राहून नग टिपावेत. पोच देताना खोकी उघडून पाहायला वेळ नसेल, तर ‘नग मिळाले, आतील तपासणी बाकी’ असा शेरा स्वहस्ते लिहूनच सही करावी. बाहेरून फुटलेला नग दिसला तर त्याचा क्रमांक तिथेच लिहावा. कोरी सही दिल्यानंतर भरपाई मागणे फार अवघड होते.

वाटून घेतलेल्या गाडीत काही वस्तू अजिबात ठेवू नयेत, कारण गळती झाली तर नुकसान दुसऱ्याच्या गादीचे होते. गॅस सिलिंडर, पेट्रोल, रॉकेल, रंग, थिनर, ॲसिड, काडेपेट्या, फवाऱ्याचे डबे, तेलाची उघडी भांडी आणि कुंडीतली ओली माती या सगळ्यांना नकार द्यावा. दुसऱ्या कुटुंबालाही हे लेखी कळवावे. इन्व्हर्टरची ॲसिडची बॅटरी शक्यतो वेगळी न्यावी. न्यायचीच असेल तर टोकांवर टोप्या घालून, उभी, केबिनजवळच्या कोपऱ्यात पक्की बांधून. रोकड, दागिने, घराची कागदपत्रे, प्रमाणपत्रे आणि औषधे स्वतःबरोबरच ठेवावीत.

फ्रिज २४ तास आधी बंद करून बर्फ पूर्ण वितळवावा, पाणी काढावे, आतून पुसावा. ओला फ्रिज गाडीत चढला की पाणी खालच्या खोक्यांत उतरते आणि वास आठवडाभर जात नाही. आतल्या काचा वेगळ्या बांधाव्यात. फ्रिज उभाच न्यावा, आणि वाटेत आडवा झालाच तर पोहोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच सुरू करावा, कारण काँप्रेसरमधले तेल नळ्यांमध्ये गेलेले असते. समोरून दार उघडणाऱ्या धुण्याच्या यंत्राबरोबर खरेदीच्या वेळी मागे लावायचे लांब बोल्ट येतात. ते लावल्याशिवाय ते यंत्र हलवू नये, कारण ड्रम आत मोकळा डोलून त्याच्या स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर खराब होतात. बोल्ट हरवले असतील तर त्या कंपनीच्या सेवा केंद्रातून मागवण्याइतका वेळ हाताशी ठेवावा. पोहोचल्यावर यंत्र सुरू करण्यापूर्वी ते काढायला विसरू नये. टीव्ही नेहमी उभा न्यावा, आडवा ठेवून त्यावर काही रचले की पडदा तडकतो.

विमा घेताना बिल्टीवर काय छापले आहे ते वाचावे. ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे लिहिलेले असेल, तर फुटतूट झाल्यावर वाहतूकदाराकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. प्रवासाचा वेगळा विमा घ्यावा आणि त्यात वस्तुवार किंमत लिहावी. सामानाची किंमत निम्मी दाखवून हप्ता वाचवला, तर पुष्कळ पॉलिसींमध्ये भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते. घरच्यांनी भरलेल्या खोक्यांच्या आत फुटलेल्या वस्तूंना अनेकदा संरक्षण नसते. त्यामुळे काचेची भांडी वाहतूकदाराच्या माणसांकडून बांधून घ्यावीत आणि बाकीची खोकी स्वतः भरावीत, हा मध्यम मार्ग बरा. दावा किती दिवसांत लेखी करायचा ती मुदतही पाहून ठेवावी. सामान लावता लावता ती निघून जाते.

तारखेच्या बाबतीत वाटून घेतलेली गाडी पूर्ण गाडीइतकी पक्की नसते, हे आधीच मान्य करावे. ‘दोन-तीन दिवसांत’ या उत्तरावर थांबू नये. सामान उचलण्याची आणि पोहोचवण्याची शेवटची तारीख कोणती, ती ओलांडली तर भाड्यात किती कपात, आणि उलट आपले घर तयार नसेल तर गोदामभाडे कोणत्या दिवसापासून, हे तिन्ही लिहून घ्यावे. आठवडाभराचे कपडे, एक अंथरूण, चहा-स्वयंपाकापुरती भांडी आणि मुलांची पुस्तके एवढे वेगळे नेले, तर चार दिवसांच्या उशिराने घर अडत नाही. महिनाअखेर आणि सुटीचे दिवस टाळले तर गाडी सहज मिळते.

गल्लीत मोठी गाडी शिरते का, हे दोन्ही घरी आधी पाहावे. वाटून घेतलेली गाडी बहुधा मोठी असते. ती चौकातच थांबली तर तिथून घरापर्यंत छोटा टेम्पो, पुन्हा चढ-उतार आणि दुप्पट मजुरी लागते. उद्वाहन (लिफ्ट) नसलेला तिसरा मजला, उद्वाहन असले तरी सामान त्यात न मावणे, गाडीपासून दारापर्यंतचे जास्त अंतर, खोळंबा, या सगळ्यांचे दर ठरवतानाच विचारावेत. बचत गिळणारा खर्च बहुतेक याच रकान्यात असतो.

दोन कुटुंबांनी मिळून गाडी घेतली तर हिशेब असा करावा. मुख्य भाडे प्रत्यक्ष चढलेल्या घनफुटांच्या प्रमाणात वाटायचे. वरच्या उदाहरणात ३८० पैकी २३० आणि १५०, म्हणजे साधारण साडेसाठ आणि साडेएकोणचाळीस टक्के. मोकळ्या राहिलेल्या जागेचा भार आपोआप त्याच प्रमाणात पडतो. एकाच्या घरासाठी गाडीला वाट वाकडी करावी लागत असेल, तर तेवढे जादा किलोमीटर त्याचेच. मजुरी ज्याची त्याची. एक जण ऐनवेळी माघार घेईल तर काय, हेही ठरवावे. आगाऊ रक्कम दोघांनी आपापल्या वाट्याइतकी वाहतूकदाराकडे भरली आणि माघार घेणाऱ्याची ती रक्कम दुसऱ्याच्या भाड्यात वळवण्याचे ठरले, तर भांडण उरत नाही. घरी मोजलेले घनफूट आणि चढवताना मोजलेले घनफूट यांत दहा टक्क्यांपर्यंत फरक पडतोच. त्यापुढचा फरक असेल तर वाटे नव्याने काढावेत.

बचत किती झाली हे पाहताना पुष्कळ जण वाट्याची तुलना पूर्ण मोठ्या गाडीच्या भाड्याशी करतात. ती चुकीची आहे. तुमचे सामान एकट्याने नेले तर ज्या सर्वात लहान गाडीत मावेल, तिच्या भाड्याशी तुलना करावी. १५० घनफूट सामान ८ × ५ × ५ फुटांच्या टेम्पोत, म्हणजे २०० घनफुटांच्या ८० टक्क्यांत, जेमतेम बसते. गावातल्या गावात घर बदलायचे असेल तर असा टेम्पोच घ्यावा. तिथे खर्च चढ-उतारीच्या वेळेचा असतो आणि तो गाडी वाटून घेतल्याने कमी होत नाही. अंतर जसे वाढते तसा इंधन, पथकर आणि चालकाचा वाटा वाढतो आणि गाडी वाटून घेणे फायद्याचे ठरत जाते. ज्याचे सामान एकट्यानेच गाडीचा तीन-चतुर्थांश भाग भरते त्याने सोबत शोधण्यात फार दिवस घालवू नयेत. उरलेल्या जागेत मावेल असे नेमके बिऱ्हाड सहसा मिळत नाही.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून वाहतूकदारांना एक विनंती आहे. दरपत्रकावर घनफूट, एका घनफुटाला धरलेल्या किलोंचा आकडा, वाटेत गाडी किती वेळा बदलणार आणि पोहोचण्याची शेवटची तारीख हे चार रकाने छापावेत. सामान चढल्यावर मोजलेले घनफूट बिल्टीवर लिहून ग्राहकाची सही घ्यावी. याने त्यांचाही वाद घालण्यात जाणारा वेळ वाचेल. दुसरी विनंती गृहसंस्था, वसतिगृहे आणि बदल्या होणाऱ्या कार्यालयांना. त्यांच्या सूचनाफलकावर एक साधा कागद लावता येईल. निघण्याची तारीख आणि ती किती दिवस मागेपुढे चालेल, कुठून कुठे, किती घनफूट, पाच फुटांपेक्षा लांब नग किती, आणि कोणाशी बोलायचे. सोबत शोधणाऱ्याला एवढी माहिती पुरते, आणि निघण्याआधी तीन आठवडे ती तिथे लागली तर गाडी ठरवायला, मापे घ्यायला आणि धुण्याच्या यंत्राचे बोल्ट मागवायलाही वेळ मिळतो.

आपला,
घरसामान वाहतुकीच्या कामातील एक वाचक